बाबांचे श्रवणयंत्र: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः वॅक्स गार्डविषयी

गेल्या आठवड्यात बाबांच्या उजव्या कानाचे यंत्र अचानक बंद पडले. विक्रेत्याने ते न उघडताच रिसिव्हर, म्हणजे कानात आवाज सोडणारा छोटा स्पीकर, बदलण्याचा खर्च सांगितला आणि कंपनीकडे पाठवण्यासाठी पावती फाडायला घेतली. दोष मात्र रिसिव्हरच्या टोकावरच्या वॅक्स गार्डचा, म्हणजे मळ अडवणाऱ्या बारीक जाळीचा होता. खोक्यातल्या काडीच्या एका टोकाने जुनी जाळी ओढून काढायची आणि दुसऱ्या टोकाने नवी दाबून बसवायची, एवढ्यावर यंत्र पूर्ववत झाले. हे पहिल्याच दिवशी शिकवणे विक्रेत्याचे कर्तव्य होते.

या जाळीवर मी इतके लिहितो आहे, कारण ती बुजत जाते तसा आवाज हळूहळू क्षीण होतो आणि वयस्कर माणूस तक्रार न करता गप्प होतो. त्या काळात बाबा भिंतीचा आधार घेऊन चालत आणि जेवताना कोणाशी बोलत नसत. आतल्या कानात ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका शेजारी असतात आणि दोन्हींचे संदेश आठव्या मज्जातंतूतूनच मेंदूकडे जातात. यंत्र नलिका दुरुस्त करत नाही. परंतु स्वतःच्या पावलांचा आणि मागून येणाऱ्या माणसाचा आवाज कळला, की चालताना लक्ष कमी विभागले जाते, असे एक स्पष्टीकरण संशोधक देतात. फ्रँक लिन आणि लुइजी फेरुची यांनी 2012 मध्ये अमेरिकेतील 40 ते 69 वयोगटाच्या पाहणीतून दाखवले, की 25 डेसिबलची सौम्य श्रवणहानी असलेल्यांत पडण्याचा इतिहास सुमारे तिप्पट आढळतो. हा संबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे.

पहिल्या महिन्यांत माझे मत प्रतिकूल होते, कारण भांड्यांचा खणखणाट बाबांना असह्य होई आणि पैसे वाया गेले असे वाटे. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) पाहून यंत्र पुन्हा जुळवले, तेव्हापासून ते यंत्र दिवसभर घालतात, व्हरांड्यात बिनधास्त फिरतात आणि नातवाशी बुद्धिबळ खेळताना त्याच्या चाली मोठ्याने वाचून घेतात.

स्मरणशक्तीच्या बाबतीत जाहिरातींवर विसंबू नये. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह चाचणीत 70 ते 84 वर्षांच्या 977 जणांना तीन वर्षे पाहिले गेले. एकूण गटात श्रवणयंत्र आणि समुपदेशनामुळे बौद्धिक घसरणीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र अशा घसरणीची आधीपासून अधिक जोखीम असलेल्या गटात ती 48 टक्क्यांनी मंदावली. बाबांची विसराळूपणाची तक्रार कमी झाली आहे, पण ते यंत्रामुळेच झाले असे मी म्हणणार नाही.

यंत्राला चार तारे, विक्रीनंतरच्या सेवेला एक. वॅक्स गार्डची पाकिटे मात्र आधीच मागून घ्या आणि ती बदलण्याची कृती दुकानातच स्वतःच्या हाताने करून पाहा.