विधी सेवेचा मोफत वकील : भावाच्या अपिलाचा अनुभव

दरोड्याच्या खटल्यात माझ्या थोरल्या भावाला सत्र न्यायालयाने 7 वर्षे सक्तमजुरी सुनावली, तेव्हा आम्ही आधी खासगी वकील गाठला. सोयाबीन विकून आलेले 40 हजार त्यांनी घेतले. उच्च न्यायालयात अपिलाची 60 दिवसांची मुदत उलटली तरी अपील दाखलच झालेले नाही, हे पुतण्याने ई-कोर्ट्सच्या ॲपवर शोधले तेव्हा समजले.

मग विधी सेवेकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, वळलो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे भावाचा अर्ज हर्सूल कारागृहातूनच गेला. फुकटचा वकील कागद तरी वाचेल का, ही शंका मी उघडपणे बोलून दाखवली होती. औरंगाबाद खंडपीठात नेमलेल्या वकीलबाईंनी मात्र साक्षीच्या पानांवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या : ओळख परेड (साक्षीदाराकडून आरोपी ओळखून घेणे) अटकेनंतर 23 दिवसांनी झाली आणि त्याआधीच साक्षीदाराने भावाला पोलीस ठाण्यात पाहिले होते, असे उलटतपासात त्याच्याच तोंडून आले होते. निकालपत्रात या कबुलीचा उल्लेखही नाही. शिवाय कच्च्या कैदेतील, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेल्या, 1 वर्ष 7 महिन्यांची वजावट (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 428, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 468) शिक्षेच्या वॉरंटवर नोंदलेलीच नव्हती, हेही त्यांनीच हेरले.

घरच्यांचा आग्रह राज्यपालांकडे दयेचा अर्ज करण्याचा होता. माफीने तुरुंगातले दिवस कमी होऊ शकतात, पण निर्दोष ठरायचे तर अपीलच चालवावे लागते, असे बाईंनी समजावले. त्यांनी विलंब माफीचा अर्ज, अपील आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 खाली शिक्षा स्थगितीचा अर्ज एकत्र दाखल केला. स्थगिती मिळून भाऊ जामिनावर घरी आला आहे. अपील अजून प्रलंबित आहे. फार आशा लावू नका, हेही बाईंनी बजावले. निर्दोष सुटले तरी किती उशीर होऊ शकतो ते पाहा : भटक्या जमातीच्या ज्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी ठरवली, त्यांना त्याच न्यायालयाने मार्च 2019 मध्ये निर्दोष सोडले. तोवर 16 वर्षे गेली होती आणि भरपाई प्रत्येकी 5 लाख रुपये.

तक्रार एकच, पण मोठी. पुढच्या तारखा घरच्यांना कळवण्याची काहीच सोय नाही. दोनदा मी पहाटेच्या एसटीने शहरात पोहोचलो आणि प्रकरण त्या दिवशी बोर्डावरच (सुनावणीच्या यादीत) नसल्याचे तिथे कळले. पाचपैकी चार तारे देतो. विधी सेवेच्या 15100 या क्रमांकावर आधी चौकशी करावी आणि निकालपत्राची प्रत सोबत न्यावी. शिक्षा झालेल्याला ती विनामूल्य मिळते, आम्ही उगाच नकलेचे पैसे भरले.