बडोद्यातली रेसिडेन्सी : प्रेस उत्तम, कार्यशाळांचा हिशेब आधी मांडा

पावसाळ्यापासून होळीपर्यंत बडोद्यातल्या एका खासगी रेसिडेन्सीत (कलाकारांनी काही महिने राहून काम करायची जागा) होते. नाव देत नाही, कारण तक्रार अशा बऱ्याच ठिकाणांना लागू पडेल. खोली ठीक. डाळीत गूळ असतोच, सवय होते. एचिंग (धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेघा खोदून छापणं) साठीचा प्रेस मात्र फार चांगला : दाब सगळीकडे सारखा, रोलरखालची लोकरी ब्लँकेट नवी. १९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी या गावात आहे, त्यामुळे अ‍ॅक्वाटिंट (एचिंगमधली छटा आणायची पद्धत) बिघडला तर सल्ला द्यायला कुणीतरी भेटतंच.

आता कार्यशाळा. करारात गावातल्या गटांना शिकवायची, आठवड्याला एक, दोन तासांची. पण दोन तास म्हणजे माणसं समोर बसलेली असतात तेवढेच. आदल्या दिवशी लिनोचे (कोरून छापायच्या मऊ पत्र्याचे) तुकडे कापा, नंतर रॉकेलने रोलर पुसा, वर संस्थेला फोटो आणि अहवाल पाठवा. दीड दिवस सहज जातो. आणि एचिंगला तुकड्या-तुकड्याने मिळालेला वेळ उपयोगाचा नाही. तांब्याची प्लेट फेरिक क्लोराइडमध्ये (अ‍ॅसिडसारखं तांबं खाणारं द्रावण) उतरवली की घड्याळावर नजर ठेवून उभं राहायचं. काही मिनिटांत प्लेट बाहेर काढून नाजूक रेघा झाकायच्या, गडद रेघा बराच वेळ खाऊ द्यायच्या. तेवढ्यात कुणी ‘ताई, शाळेचा फोन आहे’ म्हणालं, तर रेघ जाड झालीच समजा.

भांडून एक गोष्ट मिळवली : दोन आठवड्यांच्या कार्यशाळा एकाच आठवड्यात, लागोपाठ. तो आठवडा छपाई झाल्यानंतरचा ठेवला. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत तेलाची शाई लवकर सुकत नाही, प्रिंट ब्लॉटरमध्ये (टिपकागदात) पडून असतात, मग हात तसेही रिकामे. दुसरा आठवडा अ‍ॅसिडचा, फोन बंद.

शाळांच्या कार्यशाळा मला पटल्या नाहीत. वर्गभर मुलं आणि हातात लिनो कटर, हे धोक्याचं. कटर बाजूला ठेवून पुठ्ठ्यावर दोरा, पानं, जाळी फेविकॉलने चिकटवून छापायला लावलं. मुलं खूश होती, पण खरं सांगायचं तर संस्थेला फोटोच हवे होते.

दांडिया बाजारातल्या मराठी बायकांचा गट मात्र वेगळा. ठिपक्यांची रांगोळी हातात मुरलेली, त्यामुळे रेखाटन शिकवायची गरजच नव्हती. खोदलेली रेघ पांढरी येते, एवढं कळल्यावर त्या माझ्यापेक्षा वेगाने कोरायला लागल्या. ज्योती भट्ट स्वतः छापचित्रकार, आणि अंगणातल्या-भिंतींवरच्या चित्रांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. ते या गावात का सुचलं असेल, याचा अंदाज इथे आला. सगळ्यांना तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघायला नेलं, तेव्हा एका आजींनी विचारलं, ‘भिंतीवर इतकं छान निघतं, मग छापायचं कशाला?’ संक्रांतीला एकाच ब्लॉकवरून सगळ्या नातेवाइकांना पुरतील इतकी कार्डं निघाली, तेव्हा त्याच आजी जास्तीचा कागद मागायला आल्या. त्या गटासाठी वेळ गेल्याचं मला कधी वाटलं नाही.

जाणार असाल तर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. सामानाचा खर्च कुणाचा (माझ्या वेळी शाई संस्थेची, कागद माझा). गट कोण निवडणार. आणि शेवटच्या महिन्यात कार्यशाळा नाहीत. हे मला मिळालं नाही, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी प्रिंट माउंट करायच्या ऐवजी शाळेसाठी पुठ्ठे कापत बसले होते.