हंसाच्या पिल्लांचा नाच आणि आर्वीचं एडिटिंगचं दुकान

यंदा गॅदरिंगला सातवीच्या चार पोरींनी हट्टच धरला, "मॅडम, आम्ही हंसाच्या पिल्लायचा नाच करतो जी." मोबाईलवर पाहिला होता त्यांनी. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक' बॅलेतला तो नाच: चौघी एका रांगेत, एकमेकींचे हात समोर तिरपे गुंफलेले, चौघींचे पाय एकाच वेळी उचलले जातात. संगीत १८७५-७६ मधलं, आणि हा नाच लेव इवानोव्हने १८९४-९५ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला बसवलेला. तुकडा जेमतेम दीड मिनिटाचा. आमच्या पोरी अनवाणी नाचणार, रविवारी घरच्या वावरात कापूस वेचून सोमवारी सरावाला उभ्या राहणार. पण हौस अशी, की मला नाही म्हणवेना.

अडचण आली लयीची. मूळ लय 'अलेग्रो मोडेराटो', म्हणजे चपळ, तरी पळापळ नाही. हात बांधलेले असताना त्या लयीत पाय टाकणं पोरींना जमेना. एक चुकली की चौघी कोलमडत. म्हणून गाणं थोडं हळू करून घ्यायला मी आधी एका दुकानात गेले. त्याचं नाव लिहीत नाही. त्याने गाणं हळू केलं, वर न विचारता खाली डीजेचा बेस घातला आणि शेवट हळूहळू विझवत नेला. शंभर रुपये गेले. त्याहून जास्त मला लागलं ते सुराचं.

माझे बाबा गावच्या भजनमंडळात पेटी वाजवायचे, ती पेटी घरी आहे. हा नाच एफ शार्प मायनरमध्ये आहे, आपल्या भाषेत काळी तीन, गंधार कोमल. मी काळी तीन धरली आणि दुकानातून आणलेलं गाणं लावलं, तर जुळेना. पांढरी तीन धरली, तर गाणं तिच्यापेक्षा किंचित वर. शेकडा दहाने वेग कमी करताना सूरही तितकाच खाली ओढला गेला होता, जवळजवळ दोन पट्ट्या. सुरुवातीला बासून हे जाड सुषिर वाद्य टुक-टुक-टुक चालतं आणि त्यावर दोन ओबो (सनईच्या जातीची वाद्यं) नाजूक चाल वाजवतात, तीच या तुकड्याची सगळी गंमत. सूर उतरल्यावर बासून घोगरा झाला, ओबोंचा नाजूकपणा गेला. पोरींनीच सांगितलं, "मॅडम, हे पिल्लू नाही वाटत, आजारी वाटते."

मग कुणीतरी आर्वीच्या बस स्टँडजवळचं दुकान सुचवलं. माडीवर छोटी खोली, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, कोपऱ्यात लग्नाच्या अल्बमचे गठ्ठे. दुकान चालवणाऱ्या दादांना बॅलेची काहीच माहिती नव्हती, पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे: "ताई, सूर तोच ठेवू की उतरला तरी चालते?" तिथंच मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी आधी मूळ गाणं पूर्ण ऐकलं, दोनदा. मग सूर जागेवर ठेवून तीन प्रती केल्या: शेकडा पाच, दहा आणि पंधरा हळू. पंधराची ऐकवताना तारा छेडल्याचे आवाज पुसट होऊ लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की ही घेऊ नका, सरावालासुद्धा नको. मलाही पटलं. मायनरमध्ये असूनही हा तुकडा हसरा वाटतो तो चालीच्या चपळाईमुळे; पंधराला त्याचं रडगाणं होत होतं.

माझ्या पेन ड्राइव्हमध्ये पूर्ण बॅले होता. चुकून पुढचा तुकडा लागला, तो राजपुत्र आणि हंस झालेली राजकन्या ओडेट यांचा नाच. व्हायोलिन आणि चेलो एकमेकांशी बोलतात, सोबत हार्प हे तारवाद्य. तो जी फ्लॅट मेजर, म्हणजे पट्टी पुन्हा काळी तीनच! फक्त गंधार शुद्ध आणि लय 'अँडांटे', संथ. एवढ्याने खोलीतली हवाच बदलली. दादांनी हात थांबवला, आम्ही दोघं तो शेवटपर्यंत ऐकत बसलो. खाली बसची घोषणा चालू होती, माझी देऊरवाड्याची बस निघून गेली, तरी वाईट वाटलं नाही.

पुढे पंधरा दिवस आम्ही दहाच्या प्रतीवर सराव केला, मग पाचवर आलो. आठवडाभर राहिला असताना एका पोरीनेच विचारलं, "मूळचं लावून पाहू का जी?" लावलं आणि चौघींचे पाय बसले. गॅदरिंगला मूळ लयीतच नाचल्या. शेवटचा ठोका अख्खा होता, त्यावर चौघी बरोबर एका गुडघ्यावर बसल्या.

तक्रार एकच. प्रत देताना आवाज फार चढवला होता, शाळेच्या भोंग्यावर ओबो किंचित फाटत होता. सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पैसे न घेता कमी करून दिला, पण माझा पुन्हा एक फेरा झाला. तेव्हा तिथंच मोठ्या स्पीकरवर ऐकून घ्या. दर दोनशे रुपये, तीनही प्रतींचे मिळून. व्हॉट्सॲपवरून आलेलं गाणं नेऊ नका, ते आधीच दबलेलं असतं; चांगली प्रत पेन ड्राइव्हवर न्या. आणि लग्नसराईत जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर दादा शूटिंगला निघतात.