रोज अर्धं पान, की पावसाळ्याचे दोन महिने?

गेल्या महिन्यात दापोलीहून मैत्रिणीचा फोन आला. ती शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी तिने हर्णैच्या बंदरावरची एक कादंबरी लिहायला घेतली. नव्वद पानं झाली आणि गाडं अडलं. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. शाळा सांभाळून रोज अर्धा तास लिहायचं, किंवा शाळा उघडल्यावर दोन महिने बिनपगारी रजा टाकून घरात बसायचं आणि काय ते एकदाचं पुरं करायचं. "तू दोन्ही करून बघितलंयस, तूच सांग," असं म्हणाली. फोन ठेवता ठेवता हळू आवाजात आणखी एक वाक्य बोलली. "खरं सांगू? हे चांगलं होतंय की नाही, तेच मला कळत नाही."

मला वाटतं, तिचा खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे.

मी गुहागरला राहते. सुपारी-नारळाची वाडी, घर आणि म्हातारी माणसं सांभाळून एक कादंबरी लिहिली, तिला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत रोजचं लिखाण करून पाहिलं, पावसाळ्यात दार लावून बसूनही पाहिलं. तिसरी एक वाट मात्र अचानक सापडली. अनुभव माझा एकटीचा आहे, पण अशाच वळणावर अडलेल्या आणखी कुणाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शंका ओळखा

मोठं काम हातात असलं की मनात दोन वेगळ्या शंका येतात आणि आपण त्यांना एकच समजतो. पहिली शंका असते, हे पुरं होईल का? दुसरी, हे चांगलं आहे का? पहिल्या शंकेवर जे औषध चालतं ते दुसरीला बहुतेक लागू पडत नाही, कधी कधी तर उलटतं. म्हणून पद्धत निवडण्याआधी स्वतःलाच विचारा, लिहायला बसताना हात नक्की कुठल्या शंकेने थांबतो? मला हे विचारायला पाच वर्षं लागली. त्यातली दोन तरी वाचली असती.

रोजचं अर्धं पान

माझी वेळ पहाटे पाचची. वाडीत शिंपणं सुरू होण्याआधीचा अर्धा तास. वही, पेन, आणि आदल्या दिवशी शेवटी लिहून ठेवलेली एक ओळ: "उद्या इथून, म्हातारी तरीवर पोचते." ही ओळ मला सगळ्यात उपयोगी पडली. सकाळी कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही, म्हातारीला तरीवर, म्हणजे होडीच्या धक्क्यावर, उतरवायचं असतं.

आठ-दहा ओळी होत. लिहून झालं की भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात एक टिंब. महिनाअखेरीस वीस-बावीस टिंबं दिसायची. आजारपण, पाहुणे, वाडीतली कामं धरून वर्षाला सव्वाशेच्या आसपास पानं होतात, त्यातली निम्मी पुढे टाकून द्यावी लागतात. तरी साठेक उरतात.

"पुरं होईल का" या शंकेवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. ती शंका डोकं वर काढू लागली की मी कालनिर्णयची पानं मागे उलटायची. महामहोपाध्याय पां. वा. काणे मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, मुंबईत वकिली करायचे. एका जुन्या संस्कृत ग्रंथाला प्रस्तावना लिहायची म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासाला त्यांनी हात घातला आणि ते काम वाढत गेलं. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा १९६२ साली. एकूण पानं सुमारे साडेसहा हजार. भागाकार करून पाहिला तर दिवसाला अर्ध्या पानाहून थोडं अधिक पडतं. ते संशोधन होतं आणि आपली कादंबरी ही वेगळी गोष्ट, हे मला मान्य आहे. काणे काही रोज मोजून अर्धं पान लिहीत नसणार, हेही खरं. पण बत्तीस वर्षं एकाच कामावर टिकून राहता येतं, एवढं कळल्यानेसुद्धा मला पहाटे उठण्याचं बळ आलं.

अर्ध्या पानापेक्षा 'एक चित्र' हे माप मला पुढे जास्त मानवलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी ही कला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातलं एकेक आख्यान त्यांच्याकडे चित्रांच्या गठ्ठ्यात असतं, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एक चित्र समोर धरतो, तेवढ्यापुरतं गाऊन सांगतो, ते ठेवतो, मग पुढचं उचलतो. आख्यान केवढंही लांब असो, हातात एका वेळी एकच चित्र. तसं मीही ठरवलं. आजचं काम म्हणजे म्हातारी तरीवर पोचते आणि होडीवाला तिला ओळखत नाही, एवढं एकच चित्र.

आता या पद्धतीची खोट. "चांगलं आहे का" ही शंका रोजच्या लिखाणाने वाढते. रोज आपल्याला फक्त आठ ओळी दिसतात, आणि कुठल्याही पुस्तकातल्या सुट्या आठ ओळी पहाटे पाच वाजता दिव्याखाली धरल्या तर दरिद्रीच दिसतील. म्हणून कालच्या परिच्छेदाच्या मागे जाऊन वाचायचं नाही, असा नियम मी केला. तो मोडला की आठवडा गेलाच म्हणून समजा.

पावसाळ्याची बैठक

कोकणात राहणाऱ्याला ही कल्पना साहजिकच सुचते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, माणसं पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेली. ते एकसष्ट दिवस वाया गेले असं कुणी म्हणत नाही. मग आपणही तसंच का बसू नये?

एका वर्षी मी बसले. घरच्यांशी बोलून, कामं वाटून देऊन चाळीस दिवस मिळवले. पहिले नऊ दिवस एक ओळ झाली नाही. जुनं वाचायचं, खिडकीतून पाऊस बघायचा, जेवायचं, आणि घरातल्या कुणी "किती झालं?" विचारलं की पोटात खड्डा पडायचा. दहाव्या दिवशी धार लागली. पुढच्या दोन आठवड्यांत सत्तर पानं झाली. तसे दिवस मला आयुष्यात पुन्हा मिळाले नाहीत. मग वाऱ्यापावसात चार दिवस लाईट गेली, ओल धरून वहीची पानं मऊ पडली, शाई फुटायला लागली. पाठोपाठ लावणी आली आणि हाताखालची माणसं शेतात गेली. बैठक मोडली.

पण त्या चाळीस दिवसांत जे दिसलं ते रोजच्या लिखाणात कधीच दिसलं नसतं. एका दुपारी मी माजघरात सगळी प्रकरणं ओळीने मांडली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कुठे अडकित्ता, कुठे पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला, आणि एका टोकाकडून वाचत गेले. नायिकेची आई पाचव्या प्रकरणात मागच्या दारी जाते आणि थेट अकराव्यात उगवते. मध्ये तिचं काय झालं, ती जगली कशी, कुणाला पत्ता नाही! ही दोन प्रकरणं लिहिताना मध्ये तीन वर्षं गेली होती, त्यामुळे ती बाई हरवल्याचं मला जाणवलंच नव्हतं. सगळं काम एका नजरेत घेणं, हे या पद्धतीचं खरं देणं आहे. पानं किती झाली याला मी दुय्यम मानते.

नुकसान झालं ते नंतर. भाद्रपदात गणपती, मग कापणी, मग दिवाळी. वही पुन्हा उघडली तेव्हा अक्षर माझं होतं, पण आतली माणसं परकी वाटत होती. पुन्हा आत शिरायला मला जवळजवळ महिना लागला. दोन्ही शंकांनी एकदम घेरलं असा तो काळ होता.

आणखी एक गोष्ट शांतपणे तपासा. आपल्या वर्षात मोकळे दोन महिने खरोखर कुठे आहेत? बागायतदाराला मोहर आल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत उसंत नाही. शेतकऱ्याचा पावसाळाच सगळ्यात घाईचा. शिक्षकांना मे महिन्याची सुट्टी असते खरी, पण मेमध्ये मुंबईचे चाकरमानी येतात, घरात पंधरा माणसं, आंबे-फणस, दुपारी पाय ठेवायला जागा नसते. शहरात खोली घेऊन लिहिण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. मी तो सुचवणार नाही. भाड्याची चिंता कथेत शिरते.

मूर्तिकार किंवा चित्रकार असाल तर हिशोब थोडा बदलेल. ओली माती रोज अर्धा तास देऊन चालत नाही, ती सलग बैठक मागते. वर लिहिलं ते मुख्यतः लिहिणाऱ्यांसाठी.

तिसरी वाट: पाट आधी देणं

आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, घरोघरचे पाट कितीतरी आधी जातात. ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याची त्याची मूर्ती. कारागिराच्या मनात मूर्तीविषयी काहीही शंका असो, चतुर्थी हलत नाही. शेवटी डोळ्यांची आखणी होते आणि मूर्ती पाटासकट घरी जाते. कुणीतरी आपला पाट तुमच्याकडे ठेवून गेलंय, ही भावना फार मोठी आहे. कादंबरीसाठी पाट ठेवायला कुणी येत नाही, तो आपणच मागून आणावा लागतो.

माझा पाट म्हणजे संकष्टी. काकू, शेजारच्या वहिनी आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक भाऊ, तिघांचाही संकष्टीचा उपास. चंद्रोदय व्हायला बहुतेकदा नऊ तरी वाजतात, तोवर ओटीवर नुसतं बसायचं. एकदा मी म्हटलं, वाचून दाखवू? तेव्हापासून दर संकष्टीला एक प्रकरण ठरून गेलं. प्रकरण झालं नसेल तर त्या तिघांना काय सांगू, या धाकाने कितीतरी पहाटे मी उठले.

काकू ऐकताना सुपारी कातरत. त्यांचा अडकित्ता सुरू असतो, कट्‌, कट्‌, कट्‌. आणि मध्येच थांबतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांना डुलकी लागली. वर बघितलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या, अर्धी सुपारी पात्यात तशीच. मी त्या ओळीशेजारी पेन्सिलीने खूण केली. पुढे सवयच लागली. अडकित्ता थांबला तिथे खूण, नुसताच भरभर चालू राहिला तिथे फुली. फुल्यांची पानं मी डोळे मिटून कापली आणि एकाही पानाची आठवण नंतर कुणी काढली नाही.

त्यांनी मत कधी दिलं नाही. एकदा फक्त विचारलं, "अगो, एवढा पाऊस आत येतोय, मग ती दार लावायला उठली का नाही?" मला उत्तर माहीत नव्हतं. ते शोधताना पुढची दोन प्रकरणं मिळाली. "चांगलं आहे का" या शंकेवर मला भेटलेला सगळ्यात खरा उतारा म्हणजे ऐकणाऱ्याचा असा प्रश्न. तो कौतुकाहून जास्त टिकतो.

मात्र माणसं जपून निवडा. "कसं वाटलं?" असं विचारू नका, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रकरण टाकू नका. आणि अर्धवट काम प्रकाशकाकडे तर पाठवूच नका. मी पाठवलं होतं. चौदा महिने होकार नाही, नकार नाही, पोच नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या लिखाणावर लावला आणि जवळजवळ वर्षभर वही उघडली नाही. त्या वर्षाचं मला अजून वाईट वाटतं. ती माणसं कदाचित नुसती कामात असतील, पण शंकेने पोखरलेलं मन असा विचार करत नाही.

तर मग काय निवडावं?

मैत्रिणीला मी रजेचा अर्ज सध्या देऊ नको म्हटलं. तिचा हात दुसऱ्या शंकेने थांबतो. अशा माणसाने साठ दिवस एकट्याने खोलीत बसणं म्हणजे त्या शंकेलाच घरात ठेवून घेणं. त्यात पगार बंद, म्हणजे प्रत्येक कोऱ्या दिवसाची किंमतही डोळ्यांसमोर. तिने रोज अर्धा तास धरावा आणि महिन्यातून एकदा दोन-तीन माणसांसमोर वाचावं. कच्चा खर्डा शेवटपर्यंत पोचला की मग पंधरा दिवसांची रजा घ्यावी, तीही पावसाळ्यात, सगळी पानं जमिनीवर मांडण्यासाठी. अर्धवट कामाला मोठी सुट्टी देऊ नये, पुऱ्या झालेल्या खर्ड्याला जरूर द्यावी, असं माझं मत आहे.

ज्याला आपलं लिखाण चांगलं आहे याबद्दल शंका नाही, गोष्ट डोक्यात पुरती तयार आहे आणि फक्त सलग वेळ मिळत नाही, त्याने मात्र खुशाल रजा टाकावी. पहिले आठ-नऊ दिवस कोरे जातील, ते आधीच हिशोबात धरावे आणि घरच्यांनाही सांगून ठेवावं. बैठक उठल्यावर वही बंद करू नये, गणपतीच्या गडबडीतसुद्धा दिवसाला दोन ओळी लिहाव्यात. परक्या झालेल्या माणसांत पुन्हा शिरण्याचा तो महिना त्याने वाचतो.

मैत्रीण लगेच तयार झाली नाही. वाचून दाखवायला तिला लाज वाटते, ऐकवण्यासारखी माणसं जवळ नाहीत असं म्हणते. शेवटी ठरलं की येत्या संकष्टीला मीच धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून तिच्याकडे मुक्कामाला जायचं. तिने नव्वदावं पान वाचायचं. काकूंनी त्यांचा अडकित्ता माझ्याकडे दिलाय, सोबत पसाभर सुपाऱ्या.