पाण्यातला सोमल तपासायचं किट: ५० मायक्रोग्रॅमला चोख, १० ला डळमळीत

बोअरच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, आहे का हे पाहायला एक बाटली, तीन पावडरी, पट्ट्या आणि रंगांचा तक्ता असलेलं किट मिळतं. बंगाल-बिहारकडे याचा उपयोग जास्त. पण गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावातही पाण्यात आर्सेनिक सापडलेलं आहे. तेव्हा हे दुखणं काही फार लांबचं नाही.

कृती सोपी आहे. १०० मिली पाण्यात टार्टारिक आम्लाचा सपाट चमचा घालून १५ सेकंद हलवा. मग दुसरी पावडर, म्हणजे ऑक्सिडायझर, घाला, पुन्हा १५ सेकंद हलवा आणि २ मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं वाचवू नका. सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या पाण्यातला सल्फाइड पट्टीला आर्सेनिकसारखाच डाग पाडतो, आणि त्याचा बंदोबस्त इथेच होतो. शेवटी जस्ताची पूड, ५ सेकंद हलवणं आणि लगेच पट्टीचं झाकण. आम्ल आणि जस्तातून हायड्रोजन निघतो, आर्सेनिक त्याच्याबरोबर वायू होऊन वर येतं आणि पाऱ्याच्या क्षाराची पट्टी आधी पिवळी, मग तपकिरी होते. (चूक झाकायला पोथीवर फासायचे ते हरताळही आर्सेनिकचंच. इथे मात्र पिवळा रंग चूक उघडी पाडतो.) १० मिनिटांनी पट्टी काढून लगेच, सावलीत, तक्त्याशी ताडा.

गफलत होते ती नमुन्यात. लोहयुक्त पाणी तासभर ठेवलं की तांबडा गाळ बसतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून खाली जातं. वरचं नितळ पाणी तपासलं की किट ‘ठीक आहे’ म्हणतं. म्हणून हापशातून काढल्या काढल्या तपासा. पाणी गार असेल तर वायू सावकाश सुटतो आणि आकडा कमी दिसतो. पट्टीवर शिंतोडा उडाला तर ती चाचणी बाद. डाग तक्त्याबाहेर गडद आला तर १ भाग पाणी, ४ भाग डिस्टिल्ड पाणी करा आणि उत्तराला ५ ने गुणा. नवा डबा उघडला की नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर एक पट्टी खर्च कराच; तिथेही रंग उमटला तर दोष किटचा.

५० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर किट सहसा फसवत नाही. १० च्या आसपास मात्र फिकट पिवळ्याच्या दोन छटा डोळ्यांनी वेगळ्या करायच्या असतात, आणि तिथे दोघांचं एकमत होत नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा नेमकी १० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये ती ५० वरून खाली आणली.

खालचा आकडा का महत्त्वाचा, हे रक्तवाहिन्यांकडे पाहिलं की कळतं. एकदम मोठी मात्रा पोटात गेली तर केशवाहिन्या सैलावतात, झिरपू लागतात आणि रक्तदाब कोसळतो. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर उलटा प्रकार: वाहिनीचं अस्तर बिघडतं, भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचं पाणी पिणाऱ्यांचे पाय असेच काळे पडून सडले. त्या पाण्यात आर्सेनिक काही शे मायक्रोग्रॅम होतं. प्रयोगशाळेत तर अगदी कमी मात्रेला नव्या वाहिन्या फुटताना दिसतात आणि जास्त मात्रेला त्याच पेशी मरतात. त्यामुळे ‘निम्मं विष, निम्मा त्रास’ हा हिशेब इथे लावू नये.

पहिली चाळणी म्हणून किट घ्यावं. गावातले पन्नास हापसे एका आठवड्यात चाळायला दुसरं स्वस्त साधन नाही. पट्टी ५ ते ३० मध्ये कुठेही आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पाणी उकळून उपयोग नाही, आर्सेनिक उलट घट्ट होतं.

किटचा सर्वांत मोठा दोष माहितीपत्रकात आहे: वापरलेल्या पट्टीचं काय करायचं ते बारीक अक्षरात, शेवटी. पट्टीवर पारा असतो. ती झाकणाच्या डब्यात वेगळी साठवा आणि घातक कचऱ्यात द्या. चाचणी खिडकी उघडी ठेवून करा, जवळ विस्तव नको.