इंटर्नशिप सांगून हेल्पर म्हणून राबवलं: कुपवाड एमआयडीसीतला अनुभव

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपत आली की पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. नामांकित कंपनीत इंटर्नशिप, सर्टिफिकेटसह, राहायची सोय, जागा मोजक्याच. सांगली, मिरज, तासगाव, पलूस, सगळीकडच्या ग्रुपवर तो असतो. 2023 च्या उन्हाळ्यात असाच मेसेज वाचून मी आणि आमच्या वर्गातली काही मुलं एका एजन्सीकडे गेलो. आता वेगळ्या नावाने पण जवळपास त्याच शब्दांत तो मेसेज परत फिरतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इंटर्नशिपसाठी फी मागितली की फसवणूक समजा, असं सगळेच सांगतात. बरोबर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आमच्याकडून घेतलेली फी ही त्या माणसाची वरकड कमाई होती. त्याचा खरा धंदा मजूर पुरवण्याचा होता. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीला, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला, तो आम्हाला हेल्पर म्हणून देत होता आणि आमच्या नावावर निघणारी मजुरी स्वतः उचलत होता.

हे एवढं सोपं का जातं, ते आधी सांगतो. आमच्या अभ्यासक्रमात चौथ्या सेमिस्टरनंतर सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्याला मार्क असतात, रोजची डायरी लिहावी लागते, कंपनीतल्या माणसाची सही लागते. कॉलेज विनंतीपत्र देतं, कंपनी मात्र आपली आपणच शोधायची. ज्यांचे काका-मामा एमआयडीसीत आहेत त्यांचं काम होतं. बाकीच्यांना गेटवरचा वॉचमनच ‘साहेब मीटिंगमध्ये हाईत’ म्हणून परत पाठवतो. माझ्या घरी द्राक्षं आणि बेदाणा. कारखान्यात ओळखीचं कोणी नाही. अशा मुलांसाठीच या एजन्सीवाल्यांनी दुकानं मांडलेली असतात.

एजन्सीचं ऑफिस सांगलीच्या विश्रामबागेत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो, पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, एसी केबिन. साडेचार हजार रुपये सांगितले. त्यात रजिस्ट्रेशन, सेफ्टी किट आणि सर्टिफिकेट. वडिलांनी बेदाण्याच्या पैशातून काढून दिले. पैसे मोबाईलवरून पाठवताना एजन्सीचं नाव न येता कुणा बाईंचं नाव आलं. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, “तेच खातं आहे, पाठवा.” पावती मिळाली, पण तिच्यावर प्रशिक्षण किंवा इंटर्नशिप असा शब्दच नव्हता. ‘सुरक्षा साहित्य विक्री’ एवढंच लिहिलेलं. किटमध्ये हेल्मेट, नारिंगी जाकीट आणि बूट. बूट सगळ्यांना एकाच मापाचे. पुढे पैसे परत मागायला गेलो तेव्हा तीच पावती आमच्यासमोर धरून सांगितलं गेलं की तुम्ही साहित्य विकत घेतलंय, विकलेला माल परत घेत नाही.

सांगितलं होतं की सीएनसी शॉप (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा विभाग), क्वालिटी, टूल रूम असं फिरवून शिकवणार. पहिल्याच दिवशी गेटवर आमचे आधार कार्ड घेतले आणि थेट फेटलिंगला उभं केलं.

फेटलिंग म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, वाळू चिकटलेली असते, धातू ज्या वाटेने आत ओततात तिथले रनर-रायझर तसेच लटकत असतात, कडेने फ्लॅश, म्हणजे जादा धातूची पातळ कड, आलेला असतो. रनर-रायझर हातोड्याने पाडायचे आणि उरलेलं हँड ग्राइंडरने घासून साफ करायचं. बारा तास. एक पॅलेट संपली की दुसरी पुढ्यात येते. ठिणग्यांनी शर्टाच्या बाहीला बारीक बारीक भोकं पडतात आणि त्याच्या खाली हातावर तांबडे ठिपके. तोंडाला बांधायला स्वतःचा रुमाल. सकाळी खोलीवर येऊन नाक शिंकरलं की काळं निघायचं. ही धूळ साधी नाही, तिच्यात सिलिका असते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेला व्यावसायिक आजार होता. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसांनाही नीट मास्क मिळत नव्हते, हेही लिहून ठेवतो, कारण फसवले गेलेले फक्त आम्ही विद्यार्थीच नव्हतो.

पलूसकडच्या एका मित्राच्या डोळ्यात ग्राइंडरचा कण गेला. सुपरवायझर म्हणाला, पाणी मार. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला तेव्हा आम्हीच त्याला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं, पैसेही त्याचे त्यानेच भरले. ठेकेदाराने कामगार दाखवला असेल तर त्याची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नोंदणी व्हायला हवी, म्हणजे अशा वेळी उपचार मोफत होतात. आमच्यातल्या एकाचीही नोंदणी केलेली नव्हती. प्रशिक्षणार्थी म्हणून विमाही नव्हता. कागदावर आम्ही कामाच्या सोयीपुरते कामगार आणि जबाबदारीच्या वेळी विद्यार्थी.

मजुरीची गोष्ट उघड झाली ती जतकडच्या एका मामांमुळे. ते तिथले जुने फेटलर. चहाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, “तुला किती पडत्यात रे रोजाचं?” मी म्हटलं, आम्हाला काही नाही, आम्ही ट्रेनिंगला आलोय. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “लेका, तुझ्या नावाची हजेरी लागत्याय की रोज. हेल्परमधी हाईस तू. पैसं कोण उचलतंय मग?”

टाइम ऑफिसमधल्या क्लार्कला विनवण्या करून मी ते मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, पाहिलं. वर ठेकेदाराचं नाव, खाली आमची सगळ्यांची नावं, हुद्दा ‘हेल्पर’, पुढे रोजची बारा तासांची हजेरी. ठेकेदार म्हणजे तोच विश्रामबागेतला एजन्सीवाला. कारखाना त्याला माणशी बारा तासांचे साडेपाचशे रुपये देत होता. त्यातला एक रुपयाही आमच्यापर्यंत येत नव्हता. उलट एका खोलीत आठ-आठ मुलं कोंबून तो आमच्याकडून भाडं घेत होता. मी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. पुढे जे काही हाती लागलं ते त्या एका फोटोमुळे.

शेवटी सर्टिफिकेट मिळालं, तेही फौंड्रीचं नाही. कुठल्याशा अकॅडमीचं, सोनेरी बॉर्डरचं, खाली क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की एजन्सीच्याच वेबसाइटचं पान उघडायचं आणि त्यावर हिरव्या टिकसह ‘व्हेरिफाइड’. म्हणजे ज्याने कागद दिला त्यानेच तो खरा असल्याची ग्वाही दिली. क्यूआर कोड पाहून भुलणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात घ्यावं की तो कोणालाही पाच मिनिटांत बनवता येतो. बघायचं ते हे, की कोड उघडल्यावर येणारं पान कोणाचं आहे.

डायरीही त्यांनीच सांगून लिहून घेतली होती. सगळ्यांची सारखी, एकाच तारखेला सगळे सीएमएमवर, म्हणजे अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर, मापं घेत होते. कॉलेजमध्ये तोंडी परीक्षेला सरांनी एका मुलाला सहज विचारलं, “तिथल्या सीएमएमचा प्रोब कसा होता रे?” तो गप्प. त्या फौंड्रीत सीएमएम नव्हतंच. मग सरांनी सर्टिफिकेटवरचा ‘इंडस्ट्री मेंटॉर’चा नंबर लावला, तर फोन एजन्सीच्या मॅडमनी उचलला. आमचं सगळ्यांचं प्रशिक्षण अमान्य व्हायची वेळ आली. वर्ष वाया जाणार म्हणून दोन-तीन मुलं रडकुंडीला आली होती.

आमच्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. ते आमच्यावर ओरडले नाहीत. मस्टरचा फोटो घेऊन ते स्वतः कारखान्यात गेले आणि मॅनेजरना एकच मुद्दा सांगितला: तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येत होती. कारखाना ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकत होता, पण मजुराला ‘आम्ही त्याला दिलेत, त्याच्याकडून घ्या’ असं म्हणून हात झटकू शकत नव्हता. शिवाय तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं की त्याचे दुप्पट दराने पैसे द्यावे लागत होते. आम्ही कामगार कार्यालयात अर्ज दिला आणि त्याची पोच कारखान्याला दाखवली. मग चक्रं फिरली. कारखान्याने ठेकेदाराचं पुढचं बिल अडवलं आणि साध्या दराने आमची मजुरी आमच्या खात्यात जमा केली. ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. प्रत्यक्ष केलेल्या कामाचं पत्र मात्र कारखान्याने लेटरहेडवर दिलं आणि कॉलेजने तेवढं मान्य केलं. एजन्सीला दिलेली फी बुडाली ती बुडालीच.

पोलिसात दिलेल्या अर्जाचं फारसं काही झालं नाही, कारण पैसे एका नावाने, पावती दुसऱ्या नावाने आणि सर्टिफिकेट तिसऱ्याच नावाने. ही रचना मुद्दाम केलेली असते. मोबाईलवरून पैसे गेल्यावर फसवणूक लगेच लक्षात आली तर 1930 या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, पैसे पुढे जायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. आमचे महिने उलटून गेले होते. आता गुन्हा नोंदवायचा झाला तर 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, त्याआधीच्या घटनेला जुनं 420.

ज्यांना अजून पैसे भरायचेत त्यांनी एजन्सीचा जीएसटी नंबर मागावा. पंधरा अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. त्यातलं सहावं अक्षर बघा. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘पी’ असेल तर एकटा माणूस. लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड आणि नंबरात ‘पी’ असेल तर तिथून उठून यावं. आमच्या एजन्सीचा नंबर नंतर सरांनी तपासला तेव्हा नेमकं हेच निघालं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारखान्यात पहिल्या दिवशी टाइम ऑफिसला जाऊन विचारायचं: माझं नाव कोणत्या रजिस्टरला आहे? ट्रेनी म्हणून कंपनीच्या यादीत, की ठेकेदाराच्या मस्टरवर? कॉलेजचं विनंतीपत्र कंपनीच्या फाइलला लागलंय का, आणि कंपनीचं उत्तर कॉलेजला आलंय का? हे पत्र एजन्सीच्या हातात देऊ नका. आमची पत्रं तिच्या कपाटातच राहिली होती, कारखान्याला आम्ही विद्यार्थी आहोत हेच अधिकृतपणे माहीत नव्हतं. निदान मॅनेजरनी तरी सरांना तसं सांगितलं.

यंदाच्या मेसेजमध्ये नवीन भर पडलीय. सरकारी योजनेतून इंटर्नशिप मिळवून देतो, प्रोसेसिंग फी एवढी. डिप्लोमाच्या मुलांना हे सांगणारा सरळ खोटं बोलतोय. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना 21 ते 24 वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नसलेल्या मुलांसाठी आणली गेली. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेला विद्यार्थी बसत नाही. त्यात आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण केलेल्यांना महिना आठ हजार ठरवले होते, तेही थेट बँक खात्यात. दोन्हीकडे अर्ज पोर्टलवर स्वतः करायचा असतो आणि त्याला फी नसते.

2023 च्या जून-जुलैत त्या फौंड्रीत आमच्याबरोबर इतर कॉलेजचीही मुलं होती, काही इस्लामपूरकडची, काही जयसिंगपूरची. त्यांची मजुरी त्यांना मिळाली का ते आम्हाला माहीत नाही, कारण अर्जावर सह्या आमच्याच कॉलेजच्या होत्या. मस्टरच्या त्या पानावर त्यांचीही नावं आहेत. त्यांनी आपल्या कॉलेजच्या ट्रेनिंग आणि प्लेसमेंटच्या सरांमार्फत आमच्या कॉलेजशी बोलावं. फोटो आणि अर्जाची पोच दोन्ही आम्ही जपून ठेवलंय, आणि वेगवेगळ्या कॉलेजांच्या लेखी तक्रारी एकत्र गेल्या तर त्या एजन्सीवाल्याला नुसतं नाव बदलून सुटता येणार नाही.