टेफ्लॉन कॉकवालं 50 मिली ब्युरेट – एक सत्र वापरून झाल्यावर (साडेतीन स्टार)

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या लॅबला जूनमध्ये ही बारा ब्युरेट (द्रावण थेंब थेंब मोजून सोडायच्या रेघांच्या काचनळ्या) घेतली, बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी. आधीची सगळी काचेच्या कॉकची (खालच्या तोटीची) होती आणि त्यांनी वैताग आणला होता. परमँगनेटला (पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण) काचेचा कॉक म्हणजे डोक्याला ताप, ग्रीस नाही लावलं तर गळतो, जास्त लावलं तर जेट (खालचं बारीक टोक) चोंदतं, आणि परमँगनेट त्या ग्रीसलाही सोडत नाही, सगळीकडे तपकिरी घाण. दिवाळीच्या सुट्टीआधी कोणी न धुता ठेवलं की कॉक असा चिकटतो की गरम पाणी ओता नाहीतर काय वाट्टेल ते करा, शेवटी तुटतोच. रबरी नळी आणि चिमट्याचं स्वस्त पडतं पण ते इथे चालतच नाही, परमँगनेट रबर खातं.

टेफ्लॉनला ग्रीसच लागत नाही, इथेच अर्धे पैसे वसूल. आणि थेंबावर कंट्रोल मस्त येतो. मोहर सॉल्टचं (लोहाचा एक क्षार) टायट्रेशन करताना, म्हणजे त्यात रंग टिकेपर्यंत परमँगनेट मोजून सोडताना, शेवटी सगळा खेळ एका थेंबाचा असतो ना, फिकट गुलाबी आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं, पण जुन्या कॉकवर मुलं हमखास पुढे जायची आणि फ्लास्कमध्ये गर्द जांभळं सरबत. यंदा ते प्रकार बरेच कमी झाले.

आता तक्रार. डिसेंबरात सकाळच्या बॅचला एका मुलीची तीन रीडिंग आली 9.8, 10.3, 10.1. सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा सारखं येणारं रीडिंग) कुठून येणार? मी नेहमीचं लेक्चर सुरू केलं, पिपेट नीट धुतलंस का, ॲसिड विसरलीस का (ॲसिड कमी पडलं तर तपकिरी गाळ येतो, तो काही नव्हता). ती म्हणाली, सर मी हात नाही लावला तरी हे खाली उतरतंय. वाकून बघितलं तर कॉकच्या नटाखाली जांभळा थेंब लटकलेला आणि खालची पांढरी टाइल रंगलेली. थंडीत टेफ्लॉन काचेपेक्षा जास्त आकसतं, नट सैल पडतो, एवढंच. बोटाने पाव फेरा आवळला, गळती बंद. पण खोक्यात याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. आता आमचे लॅब असिस्टंट काका बॅचच्या आधी शून्यापर्यंत पाणी भरून वीस मिनिटं ठेवतात, पातळी हलली तर नट आवळायचा. पण फार जोर लावू नका, टेफ्लॉन दबून जातं आणि मग कायमचं गळतं.

आकडे बऱ्यापैकी बरोबर आहेत. तीन ब्युरेटमधून 10 मिली पाणी सोडून तराजूवर बघितलं, 9.95 ते 9.97 ग्रॅमच्या आसपास भरलं, शाळेच्या कामाला उत्तम. छपाई मात्र कच्ची. आत बसलेला तपकिरी थर आम्ही ऑक्झॅलिक ॲसिडने काढतो (बोटांवरचे डागही त्यानेच जातात, नंतर हात धुवा म्हणजे झालं), तर तेवढ्या धुण्यात दोन ब्युरेटच्या 25 ते 30 मधल्या रेघा पुसट झाल्या.

दुकानदार मागे पांढरी पट्टी आणि निळी रेघवालं महागडं मॉडेल गळ्यात मारत होता, रीडिंग सोपं जातं म्हणे. जातं, पण पाण्यासारख्या द्रावणाला. परमँगनेट भरल्यावर पट्टीही दिसत नाही आणि रेघही नाही, आपण वरच्या कडेचंच रीडिंग घेतो, मग कशाला पैसे घालवायचे.

बारातल्या दोघांचे जेट टवका उडून आलेले, बदलून मिळाले पण तीन आठवडे फोन करून करून. परवा सुटे नट मागितले तर म्हणतो सुटे नाही मिळत सर, अख्खा कॉक घ्या.